तळमजल्यावरचा अमेरिकन हाफ

सन दोन हजार सात. मला एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं लागलं होतं. मुलाने तिकिटं पाठवली म्हणून मी आणि ही, दोघं तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला गेलो. मुलगा तिथे मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी जन्मभर कोल्हापूरच्या फौंड्रीत साचे भरले, शाळा चौथीत सुटली. त्याचं काम मला नीट कळत नाही, आणि कळत नाही हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

त्याचं घर चढावर, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्याच्या एका खोलीत एक अमेरिकन पोरगा राहायचा. एकोणीस वर्षांचा. फुटबॉल खेळणं हीच त्याची नोकरी, खोलीसुद्धा क्लबने दिलेली. क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये तो मधल्या फळीत खेळायचा. आमच्या वेळी त्या जागेला हाफ म्हणायचे. मी हाफ होतो. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून अकरा वर्षं खेळलो, आणि माझ्या अंगावरून बॉल नेला असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

मुलाला ह्यातलं थोडंफार ठाऊक होतं, पण त्याच्या लेखी तो गल्लीतला खेळ. अमेरिकन पोराबद्दल मात्र त्याला सगळी माहिती. पहिल्याच जेवणाला त्याने सांगितलं, की पोराचा करार जूनपर्यंत आहे. तोवर मोठ्या टीमने उचलला तर त्याचं आयुष्य बनलं. नाही उचलला तर परत अमेरिका, कॉलेज, खेळ संपला. दर शनिवारी मुलगा गळ्यात क्लबच्या रंगांचा लोकरी पट्टा घालून सामन्याला जायचा. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, आप्पा, तुम्ही कुठल्या पायाने मारायचा?

मी जळायचो. दुसरा शब्द कशाला शोधू? तळमजल्याच्या खिडकीत त्याचे तीन जोड बूट वाळत असायचे. मी पहिली चार वर्षं अनवाणी खेळलो, घोट्याला पट्टी बांधून, मुरमाच्या मैदानावर. पडलं की गुडघ्यातले खडे हळदीच्या पाण्याने काढायचे. ह्याचं मैदान म्हणजे गालिचा. ह्याचे पाय चोळायला पगारी माणूस. त्यात तो जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून मला वाट द्यायचा आणि सर म्हणायचा. फौंड्रीत मला चाळीस वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं. तेही टोचायचं.

एकदा मुलाने मला ऑफसाइड शिकवलं. जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी ठेवली, हा गोलकीपर. लोणच्याची बरणी, हा बॅक. चमचा म्हणजे आपला फॉरवर्ड. मग म्हणाला, आप्पा, बॉल मारताना चमचा बरणीच्या पुढे असला की चूक, कळलं? मी हो म्हणालो. ही तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं, बरणी उचलावी आणि निघून जावं. पण ज्याला आपण कोण ते माहीत नाही त्याला सांगत बसायचं, हे माझ्याच्याने कधी झालं नाही.

मैदान उतारावरून दहा मिनिटांवर होतं. मुलगा कामावर गेला की मी तिकडे जायचो, जाळीला धरून सराव बघायचो. घरी सांगायचो, फिरून आलो.

तिसऱ्या दिवशी मला पोराची चूक दिसली. पाय सोन्यासारखे, दम घोड्याचा, पण बॉल येताना तो फक्त बॉलकडे बघायचा. मागे कोण आहे हे बॉल पायात आल्यावर बघायचा. हाफच्या पाठीला डोळे लागतात. बॉल यायच्या आधी मान वळवून मागचं बघून ठेवायचं असतं, मग पाय आपोआप बरोबर बाजूला जातात. सरावात हे खपत होतं, कारण सरावात पाठीवर कुणी जीव खाऊन येत नाही. शिकवणाऱ्याला ते दिसत होतं की नाही, देव जाणे. तो वहीत लिहीत असायचा.

हिला मी हे बोललो. कुणाला तरी बोलायला हवंच होतं. ही त्या पोराला थालीपीठ नेऊन द्यायची, तो दारात उभ्या उभ्या खायचा आणि हिला अंगठा दाखवायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल हिला माया.

"अहो, मग सांगा की त्याला," ही म्हणाली.

मी म्हटलं, मला त्याची भाषा येत नाही.

"मुलाला येते. त्याला सांगा, तो सांगंल."

"मला कुणी विचारलंय?"

ती थालीपीठ थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जळताय तुम्ही. ह्या वयात, नातवाएवढ्या पोरावर."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. खरं बोलणाऱ्या माणसाशी मला लगेच बोलता येत नाही.

आता एक गोष्ट लिहितो, जी तिलाही मी पूर्ण सांगितली नव्हती. माझ्या तेविसाव्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीच्या टीमचा माणूस आमचा सामना बघायला आला होता. सामना झाल्यावर म्हणाला, पुढच्या महिन्यात ये, नोकरी देऊ, मोठ्या मैदानावर खेळशील. मी म्हटलं, आधी येऊन आमच्या वस्तादांना विचारा. तो हसला. म्हणाला, न्यायचंय तुला, वस्तादांना नव्हे. त्याचं हसणं मला लागलं आणि मी गेलो नाही. पेठेत सांगितलं, वस्ताद सोडत नाहीत. वस्तादांच्या कानावर ह्यातलं काहीच नव्हतं. लोक त्यांना जाब विचारायला लागले, तेव्हा त्यांनी मला खोटं पाडलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि हा पोरगा, आईबाप सोडून, समुद्र ओलांडून, कुणी विचारायला येईल ह्याची वाट न बघता आलेला. जिन्यात तो सर म्हणाला की मला तेच आठवायचं.

मे महिन्यात दोनच सामने उरले. त्यातल्या पहिल्याला मोठ्या टीमची माणसं त्याला बघायला येणार होती. मुलगा मला बरोबर घेऊन गेला, पट्टा माझ्याही गळ्यात घातला. मी तो काढून खिशात ठेवला.

पंधराव्या मिनिटाला पोराने पहिला बॉल घालवला. पाठीवर समोरच्यांचा एक दांडगा गडी होता, त्याने तो नुसता काढून घेतला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, पोटात थंड वाटलं. दुसऱ्यांदा घालवला तेव्हा मी मुलाकडे बघितलं, त्याचं तोंड उतरलं होतं, आणि तेही मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा बॉल गेला आणि त्यावर गोल झाला. मध्यंतरानंतर पोरगा मैदानात आलाच नाही. बाकावर बसला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूची माणसं जरा सरकून बसली होती.

ते सरकणं मला माहीत आहे. पेठेत जाब विचारायला लोक गेले होते, त्या दिवशी वस्तादांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आज नशीबच नव्हतं बिचाऱ्याचं."

"नशीब कसलं? मान वळत नाही त्याची," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

परत येताना एसबानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मुलाने सगळं विचारून घेतलं. मी हातवारे करून सांगितलं. हाफने कधी बघायचं, कुठल्या खांद्यावरून, बॉल कुठल्या पायावर घ्यायचा. समोरची म्हातारी बाई माझ्या हातांकडे बघत होती. मुलगा ऐकत होता. ऑफसाइड शिकवताना त्याचा जो चेहरा होता, तो आता नव्हता.

मग त्याने विचारलं, "आप्पा, तुम्हाला हे कधीपासून दिसतंय?"

"आलो त्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाही?"

भाषा येत नाही, हे उत्तर तयार होतं. पण तेवीस वर्षांचा असताना मी एक तयार उत्तर देऊन बसलो होतो, त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

"त्याचं भलं व्हावं असं मला वाटत नव्हतं," मी म्हणालो.

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. घरी जाऊन तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हलवून उठवलं. म्हटलं, बूट घाल, तुझं इंग्रजी पाहिजे. तो म्हणाला, आप्पा, आज झोनटाग. रविवारी इथे आवाज केलेला चालत नाही. मी म्हटलं, मग बॉल हळू टाक.

खाली जाऊन मीच घंटी वाजवली. पोराचे डोळे सुजलेले. त्याने आधी माझ्या हातांकडे बघितलं, थालीपीठ आहे का म्हणून. मुलगा त्याच्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलला. मी म्हटलं, एवढं लांबलचक मी काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, तुम्ही अकरा वर्षं हाफ होता हे सांगतोय.

घरामागे गाड्या लावायच्या जागेत आम्ही गेलो. मुलाला पोराच्या समोर उभा केला, बॉल देऊन. मी पोराच्या पाठीमागे पंधरा पावलांवर उभा राहिलो आणि एक हात वर करून बोटं दाखवली. बॉल पायाशी यायच्या आत किती बोटं ते सांगायचं. आमचे वस्ताद मला असंच शिकवायचे. पहिल्यांदा त्याला बघायची आठवणच राहिली नाही. दुसऱ्यांदा बोटं बघितली आणि बॉल पायाखालून गेला, एका गाडीला लागला. वर कुणाची तरी खिडकी उघडली. मुलगा हात जोडायला लागला, मी म्हटलं, तू टाक.

पाचव्या खेपेला बॉल निघाला तोच त्याची मान फिरली.

"थ्री," तो म्हणाला, आणि बॉल डाव्या पायावर घेऊन वळला.

तीनच होती. मला फार आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी बोटं बदलली आणि मुलाला म्हणालो, आता जरा जोरात टाक.