एक जास्तीची पाळी

वयाच्या चौदाव्या वर्षी मला एका आठवड्यात दोनदा पाळी आली, आणि त्यातली एक मी स्वतः तयार केलेली होती.

आमचं घर परतूरला. पाळी सुरू होऊन वर्ष झालं होतं, पण तिला शिस्त म्हणून नव्हती. कधी बावीस दिवसांत हजर, कधी चाळीस दिवस फिरकायची नाही! आई मात्र मोजण्यात पक्की. कापसाच्या आडत दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर ती कुंकवाचं बोट लावायची, तिथून अठ्ठावीस दिवस मोजायची आणि पुढचं बोट लावून ठेवायची. पाळी त्या बोटावर आली नाही की चूक माझी! (जणू मीच तिला कुठे अडवून ठेवलं होतं.)

त्या वर्षी शाळेचा खोखोचा संघ अंबडला सामन्याला जाणार होता. आयुष्यात पहिल्यांदा मी संघात होते. आणि नेमकं सामन्याच्या दिवशी आईचं बोट!

"बिलकुल जायचं न्हाई," आई म्हणाली. "त्या दिवसांत बाजूला बसायचं सोडून तिकडं पळती का?"

"पण मागच्या खेपेला तरी कुठं बराबर आल्ती?"

"येईल. मी मोजलंय."

मग मीच तोड काढली. सामन्याच्या आठ दिवस आधी ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर जाऊन बसले आणि ओरडले, "आई, मला शिवू नको!"

आईनं मुकाट्यानं नवं बोट लावलं. सामना मोकळा! आता तीन दिवस वेगळं ताट, पाण्याच्या माठाला हात नाही. वर मी पोटदुखीचं नाटक केलं, म्हणून ओव्याचा कडू काढा प्यावा लागला. पुराव्यासाठी कोरी फडकी रोज धुऊन वाळत घालत होते. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाले आणि सरावाला पळाले.

सामन्याला दोन दिवस उरले असताना खरी पाळी आली.

मी ती लपवली. फडकी परकराखाली वाळत घातली, पण आईनं परकर उचललाच.

"हे काय गं?"

"मागचंच आहे."

"मागचं तर घडी करून ठेवलंय मी! आठ दिवसांत दुसऱ्यांदा?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली. विटाळबिटाळ विसरून तिनं मला जवळ ओढलं, कपाळाला हात लावून ताप बघितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं बोलायची छाती झाली नाही.

संघ एसटीनं अंबडला निघाला तेव्हा मी आईबरोबर रेल्वेनं जालन्याला चालले होते. तिच्या मांडीवर कॅलेंडरची गुंडाळी होती.

नवीन जालन्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर पसरलं, सगळी बोटं बघितली. "मधलं हे कळत नाही. रक्त तपासू या," म्हणत त्यांनी सुई काढली.

सुई बघून मी किंचाळले, "डॉक्टर, ते बोट खोटं आहे!"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की सुई परवडली. डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या.

"पहिली दोन-तीन वर्षं पाळी अशी मागंपुढं होतेच, ताई. तीन महिने आलीच नाही, आठवड्याहून जास्त टिकली, किंवा फार जायला लागलं, तर घेऊन या. आणि बोट लावा, पण आल्यावर!"

"मंग खेळली तर चालतं?" आईनं विचारलं.

"न चालायला काय झालं?"

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सामना केव्हाच संपला होता.

सोमवारी कळलं, संघ जिंकला. माझ्या जागी शकुंतला पळाली होती. मधल्या सुट्टीत ती माझ्या कानात म्हणाली, "माझा तर त्या दिवशी दुसरा दिवस होता."

"आणि घरी काय सांगितलंस?"

"काहीच न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

हे मला सुचलंच नव्हतं! ती असलेली पाळी गुपचूप घेऊन अंबड जिंकून आली, आणि मी नसलेली पाळी जाहीर करून दवाखान्यात पोचले.