गाव न विचारता बसणं

आमच्या शेजारचा केरबा एसटीत कंडक्टर होता. लोहा-नांदेड गाडीवर तीस वर्षं. बायको महामाया गेल्यापासून घरात एकटाच. रिटायर झाल्यावर त्यानं एक काम धरलं: सरकारी दवाखान्यात बिमार माणसांजवळ बसायचं. पगार नाही. पण ते बसणंसुद्धा शिकावं लागतं.

शिकवायला लातूरहून शिल्पाताई यायच्या. वर्गात सगळे देवाधर्माचे. वीरण्णा मठातला, पंढरी भजनवाला, आणि केरबा विहारात वंदना घेणारा. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दवाखाना सगळ्यांचा आहे. कुणी मागितल्याशिवाय वंदना नाही, भजन नाही, अंगारा नाही. आणि गाव-आडनाव विचारायचं नाही. त्यावरून जात कळते, मग बिमार माणूस तोंड मिटतो.

आता सांगा, आपल्याकडं गाव-आडनावाशिवाय कुणी बोलायला सुरुवात केली आहे का? केरबाचा तर "कुठलं गाव?" विचारण्यातच जन्म गेला. दोनदा परीक्षा झाली. दोनदा खाटेजवळ बसताच तो म्हणाला, "कोणतं गाव, पाव्हणं?" नापास. तिसऱ्यांदा चुकला तर वॉर्डात बसायचं नाही.

म्हणून तो माझ्याकडं सरावाला यायचा. माझी नातवंडं पुण्याला, घर रिकामंच. मी बाजेवर आडवी, तो स्टुलावर.

"अक्का, जरा कण्हा."

"काय झालंय मला, ते तर सांग."

"कायबी धरा. कंबर धरा."

"ती खरीच दुखून राहिली. तिचा सराव कशाला?"

मग तो गप बसला. दोन मिनिटं गेली.

"अक्का, माहेर कुठलं तुमचं?"

"ऊठ. नापास."

एकदा मी विचारलं, "एवढी हौस कशाला रे?"

तो खाली बघत म्हणाला, "महामाया त्याच वॉर्डात होती. एक जण आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं हात काढला आन् पुढच्या खाटेवर गेला. सांजेपतोर ती इचारत होती, तो परत येतो का म्हणून."

त्या दिवशी मी त्याची थट्टा केली नाही.

तिसऱ्या परीक्षेला खाटेवर एक म्हातारा होता, भिंतीकडं तोंड करून. शिल्पाताई दारात उभ्या. केरबा दोन्ही हात मांडीखाली दाबून अर्धा तास बसला. शेवटी म्हातारा स्वतःच वळला.

"आडनाव काय तुमचं?"

"केरबा म्हणा."

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बसा."

केरबा पास झाला. त्यानं मला सांगितलेली ही शेवटची गोष्ट. कारण वॉर्डातलं वॉर्डातच ठेवायचं, हाही ताईंचा नियम.

आता तो रोज संध्याकाळी येतो. पूर्वी गाडीतल्या एकेका प्रवाशाची नक्कल करून दाखवायचा. आता एवढ्या माणसांचं दुःख पोटात घेऊन येतो आणि म्हणतो, "चहा बरा झालाय, अक्का."

काल त्याचे डोळे लाल होते. कोण गेलं रे, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी न विचारता स्टूल त्याच्याकडं सरकवलं. तो बराच वेळ बसला. मग कप विसळून पालथा घातला आणि घरी गेला.