सहा, तीन, तीन

सकाळपासून आभाळ मळक्या फडक्यासारखं लोंबत होतं. पडेना, उघडेना. खालच्या टायरच्या दुकानातला रबराचा वास जिना चढून वर वर्गात आला होता आणि भिंतींना चिकटून बसला होता. बाईंनी खिडकी उघडली तर आणखी आला. लावली तर आतलाच कोंडला. शेवटी उघडीच टाकून, पदर खोचून त्या फळ्याला भिडल्या.

पोरींना जपानात नोकऱ्या लावून देणाऱ्या या क्लासच्या मालकाने पांढऱ्या फळ्यावर न पुसणाऱ्या शाईने ठोकून दिलं होतं, 'आमचे सर्व उमेदवार बारावी पास.' खाली स्वतःची लांबलचक सही. तीन दिवस घासूनही त्या सहीचं शेपूट हलत नव्हतं.

बाई जपानी शिकवायच्या. तरुणपणी यंत्रांच्या कारखान्यात टायपिस्ट होत्या. जपानहून आलेल्या पेट्यांवरची अक्षरं कुणालाच लागेनात, तेव्हा ईर्ष्येने बसून शिकल्या. नवरा म्हणायचा, "बसली चिमण्यांचे पाय मोजत." पुढे कारखाना बुडाला, नवराही गेला, चिमण्यांचे पाय तेवढे हाताशी राहिले. अठरा वर्षं त्यांच्यावरच चूल पेटत होती.

प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी त्या शाळेचे शब्द शिकवायच्या. फळ्यावर तीन आकडे मांडायचे, सहा, तीन, तीन. "तिकडे पहिली ते बारावी अशी एकच शिडी नाही बरं का. शोगाक्को सहा वर्षं, मग चुगाक्को तीन, मग कोको तीन. शाळा बदलली की मोजणी पुन्हा एकपासून. आपली सातवी म्हणजे चुगाक्कोचं पहिलं वर्ष. आपली दहावी म्हणजे कोकोचं पहिलं. दहावीत होते असं तिथे कुणी म्हणत नाही."

या खेपेला सहा जणी होत्या. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करायचं काम होतं. पाच जणी बारावी झालेल्या, सहावी शिवणवाली. तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवणारी, दहावीनंतर शाळा सुटलेली.

"म्हणजे बाई, मीपण कोकोत गेले म्हणायची!"

"गेलीस की. पायरीवर टेकून परत आलीस."

सगळ्या खिदळल्या, तीही खिदळली. पण वर्गात तिच्याइतकं कुणी घोकत नव्हतं. या नोकरीसाठी तिने शिवणाचं काम सोडलं होतं, घरचं मशीन धाकट्या बहिणीला देऊन टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी मालक कागदांची चळत घेऊन आला. जपानीतला 'हो' एवढा एकच शब्द त्याला यायचा, 'हाय'. तो दाढेतली सुपारी जिभेने चाळवत म्हणाला, "बाई, शिक्का मारा."

अनुवाद खरा असल्याचा शिक्का बाईंच्या पर्समध्ये असायचा. त्यांनी शिवणवालीचा कागद वर काढला. "साहेब, इथे कोको पूर्ण लिहिलंय. पोरीची दहावी आहे."

"मग काय झालं? सगळ्या बारावी म्हणून कळवून बसलोय मी. एकीपायी ओळ वाकडी करू? तिकडे कोण बघतंय! मारा, नाहीतर तिला आत्ताच घरी पाठवतो."

बाईंनी मारला. घरी जाऊन तीनदा साबण लावला, तरी अंगठ्यावरची निळी शाई गेली नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच अंगठा समोर. ताट तसंच सारलं.

आज अकराला पडद्यावर मुलाखती सुरू झाल्या. वृद्धाश्रमाच्या बाई साठीच्या, चष्म्याच्या, सावकाश बोलणाऱ्या. पाच जणींच्या धडाधड पार पडल्या. मग शिवणवाली बसली.

"कोकोच्या तिसऱ्या वर्षी काय आवडायचं?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

मालकाने पाठ करून घेतलेलं उत्तर आलं, "व्हॉलीबॉल."

"आणि ते तिसरं वर्ष संपलं तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

हे पाठांतरात नव्हतं. पोर गडबडली. बोटं टेबलावर आली आणि ती मोजायला लागली, पहिली, दुसरी, तिसरी, सलग, आपल्याकडच्यासारखी. दहाव्या बोटाला पोचली आणि तिथेच अडली. पुढची बोटं नव्हती, पुढची शाळाही नव्हती.

पडद्यावरच्या बाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग शिकवणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "सेन्सेई, ही किती वर्षं शाळेत गेली?"

मालकाने कोपर मारलं. "काय म्हणतीय?"

"शाळेचं विचारतायत."

"मग हो म्हणा की!" आणि स्वतःच पडद्यात तोंड खुपसून, लाल दात दाखवत, "हाय! हाय!"

सुपारीचा आंबूस भपकारा बाईंच्या नाकात गेला. त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "दहा."

मालक मान डोलावतच होता. "हाय."

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला. "दहा चाललं असतं. आमच्याकडे नुसतं चुगाक्को झालेल्याही आहेत. पण कागद खोटा आला. आता हिला घेता येणार नाही."

पडदा काळा झाल्यावर बाईंनी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. मालकाने सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाला, "चालत होतं तर आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कधी? बारावीची अट तुमच्या फळ्यावरची. त्यांची नव्हतीच."

"जाऊ द्या हो. सहातल्या पाच लागल्या, वाईट काय?" त्याने खिडकीतून खाली पिंक टाकली आणि निघून गेला.

शिवणवाली वह्या पिशवीत भरत होती. बाई जवळ गेल्या. "पोरी, मी खरा कागद करून देते. दुसरीकडे कुठे..."

"तुमच्या हातचा नको, बाई." तिचा आवाज चढला नाही. "खरं बोलायचं होतं तर काल बोलायचं. शिक्का पण तुमचा, खरं पण तुमचं, आणि घरी मी. आता बहिणीकडे मशीन परत मागायला कुठल्या तोंडाने जाऊ?"

ती पिशवी उचलून निघाली. जिन्यावरची पावलं टायरवाल्याच्या ठोकाठोकीत बुडून गेली.

तीनला नवी तुकडी यायची होती. बाईंनी स्पिरिटची बाटली काढली, फडकं ओलं केलं आणि मालकाच्या सहीवर जोर लावला. शाई फिसकटून सगळीकडे पसरली. त्या घासत राहिल्या. तळव्याएवढी जागा पांढरी झाली, तेव्हा कोरडा पडत आलेला मार्कर झटकला आणि आकडे मांडले. सहा, तीन, तीन.