बाटलीला दिलेली ऊब

सून आमच्या घरी आली तेव्हा तिच्या रुखवतात काचेची एक टाकी होती. आत काहीच नव्हतं. बायका लाडू-चिरोटे बघायचे सोडून तिच्याभोवती जमल्या आणि एकीने विचारलं, यात डाळ ठेवायची का. सून मान खाली घालून हसली.

पुढे ती माहेरी नगरला जाऊन आली, ती मासे घेऊनच. हवा भरलेल्या पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे, पाठीवर निळी रेघ. ओल्या कागदात गुंडाळलेली झाडंही होती. तळाला माती, वर वाळू, त्यात तिने चिमट्याने एकेक रोप लावलं. आमच्या तिसगावात पाऊस सरला की हिरवं फार दिवस टिकत नाही. मी भाजी निवडायला त्या टाकीपुढेच बसू लागले. ती नवी आणि मी अबोल, त्यामुळे आमचं बोलणं कमीच व्हायचं. पण दोघी तिथे बसलो की बरं वाटायचं. सगळं घर आमचं होतं, तेवढी टाकी तिची होती.

पाण्यातली झाडं वाढायला वायू लागतो म्हणाली. आपण श्वास सोडतो त्यात असतो तोच. विकतचा सिलिंडर महाग, म्हणून ती घरीच करायची. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, पाणी आणि पावात घालतात ते चिमूटभर यीस्ट. झाकणाला भोक पाडून नळी बसवलेली, ती टाकीत सोडलेली. बाटलीतलं पाणी आंबायला लागलं की नळीतून बुडबुडे यायचे. आंबूस वास घरभर सुटायचा. आमच्या मालकांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई दारू पाडती का काय गं? पोलीस आलं तर मी तुमा दोघींना वळखत न्हाई."

गेल्या थंडीत तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. माझा मुलगा आणि ती दोघं नगरला गेली. जाताना तिने मला सगळं दाखवलं. आपण एकदा श्वास घेऊन सोडला की एक बुडबुडा आला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा म्हणाली. टाकी कुणाच्या हवाली करायची तिची ती पहिलीच वेळ. दारातून परत येऊन तिने एकदा काचेला हात लावला, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गारठा वाढला आणि बुडबुडे थांबले. मी किती श्वास घेतले तरी एक येईना. झाडं मरतील असं मला वाटलं. आता आंबवायचं काम म्हटल्यावर मला दही सोडून दुसरं काय सुचणार? थंडीत दही लागलं नाही तर आपण जास्तीचं विरजण घालतो आणि भांडं उबेला ठेवतो. मी तेच केलं. झाकण उघडून यीस्टची आणखी चिमूट टाकली. तव्यावर बाजरी गरम करून पुरचुंडी बांधली, ती बाटलीला लावली आणि वरून जुनं लुगडं गुंडाळलं. निजायच्या आधी बुडबुडे सुरू झालेले बघून मला फार बरं वाटलं होतं.

सकाळी केर काढायला गेले तर सगळे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. एक आडवा झाला होता. नळीतून बुडबुड्यांची नुसती धार लागली होती.

मला फोनवर बोलायला जमत नाही. कुणी दिला तर हं हं करते आणि परत देते. पण तेव्हा मीच मालकांना म्हटलं, सूनबाईला लावून द्या. तिचा आवाज आला तशी मी पुरचुंडीपासून सगळं एका दमात सांगितलं.

ती म्हणाली, "आई, वायू जास्त झालाय, आधी नळी पाण्याच्या बाहेर काढा. नळीला चिमटा लावून ती बंद करू नका, बाटली फुटेल. फोन ठेवू नका."

मालकांनी फोन स्पीकरवर टाकून टाकीशेजारी ठेवला. तिने सांगितलं तसं मी थोडं पाणी काढून टाकलं आणि माशांसाठी साठवलेल्या बादलीतलं पाणी तांब्याने वरून ओतू लागले, म्हणजे त्यात हवा मिसळेल. ती नुसती आवाज ऐकत होती. "अजून उंचावरून," म्हणायची. पाणी सगळीकडे उडत होतं. मालक गोणपाटाने फरशी पुसत म्हणाले, "मासं ऱ्हायलं बाजूला, घर धुऊन निघालं."

हात भरून आले तरी मी ओतत होते. कितीतरी वेळाने एक मासा खाली गेला. मग दुसरा. मग बाकीचे एकदमच खाली उतरले, झाडांत शिरले. आडवा झालेला तेवढा वरच होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने एकदा शेपटी हलवली, सरळ झाला, पुन्हा कलला, पुन्हा सरळ झाला आणि हळूहळू बाकीच्यांच्या मागे गेला.

"गेले खाली," मी म्हटलं. "सगळे."

तिने सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला. मग ती म्हणाली, "मी पहिल्यांदा बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवली होती, आई. माझा तर एक पण मासा वाचला नव्हता."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्यासारखं वाटलं. तिकडे साखरपुड्याची गडबड चालली होती, कुणीतरी तिला हाका मारत होतं. आले आले म्हणत ती फोनवरच थांबली. आता काय करतायत, विचारत राहिली. मग मी तिला सांगत बसले, दोघं झाडामागे गेलेत, एक दगडाशी आहे, तो मघाचा आता काचेजवळ आलाय.