बाटलीतला घाम

शनिवार पेठेतल्या आमच्या जिममध्ये एक गृहस्थ रोज सकाळी येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, ही भीती. आल्याआल्या ते आरशासमोर मोबाइल उभा करतात. मग अर्धं मिनिट दोन डंबेल खांद्यापासून डोक्यावर धडाधड ढकलायचे आणि पुढचं अर्धं मिनिट धापा टाकत इतरांना सल्ले द्यायचे. "अहो, तासभर कशाला झिजता? दहा मिनिटांत काम होतं."

परवा शेवटची फेरी संपवून, घाम पुसून त्यांनी मोबाइल पाहिला आणि मटकन बाकावरच बसले.

"रेकॉर्डच झालं नाही हो! सगळी मेहनत वाया गेली."

"दंडांना तरी कळलं असेल ना?" मी म्हटलं.

ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मोबाइल माझ्या हातात देऊन त्यांनी पुन्हा डंबेल उचलले, आरशात पाहिलं आणि खाली ठेवले. चेहरा कोरडा होता. मग बाटलीतलं पाणी कपाळावर, मानेवर बेताने शिंपडून त्यांनी विचारलं, "आता खरा वाटतोय ना?"

खडकवासल्याचं पाणी पुण्यात हजार कामांना वापरतात. घाम म्हणून वापरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.