‘न्हाई’ ऐकायला निघालेली

ऐंशीच्या सुमारास आम्ही मुली मुळशीत आरोग्याची पत्रकं वाटायचो. एका सकाळी मी नवी पत्रकं आणायला पुण्याला निघाले, संध्याकाळी परतायचं होतं. पिरंगुटला एक तरुण बाई एसटीत चढली आणि माझ्याशेजारी बसली. तिच्या पदराखाली बाटली होती. समोरच्या म्हातारीने विचारलं, “त्याल हाय का गं?”

“तीर्थ हाय, आज्जे. देऊ?”

मग मला हळूच म्हणाली, “तपासायची लघवी हाय.”

तिच्या पोटात मुलाऐवजी द्राक्षांसारखा घड वाढला होता. तो काढला, तरी आजार उरला, त्याचा कॅन्सर झाला. इंजेक्शनं झाली. दिवस राहिलेत का हे बघायची तीच तपासणी आता आजार उरलाय का ते सांगणार होती.

“बाकीच्या बाया व्हय ऐकाया जात्यात. मी न्हाई ऐकाया निगालेय.”

हा कॅन्सर बहुतेक बरा होतो, पुढे मूलही होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी फक्त कॅन्सर ऐकलं आणि नवऱ्यासाठी दुसरी बघायला घेतली.

“हा गुन्हा आहे,” मी तावातावाने म्हणाले. तिने बाटलीचं बूच घट्ट केलं.

संध्याकाळी मी परतीच्या गाडीसाठी पुण्याच्या स्टँडवर आले, तर ती तिथे उभी होती.

“न्हाई आलं,” म्हणाली. “घरी कुनाला सांगू? तुमच्यासाटी आदीची गाडी सोडली.”