चालक धरून आठ

सात फेब्रुवारी, शनिवार, सायंकाळचे पाच. घरात जीव आठ.

त्यांतला सर्वांत वयस्क जीव आई, वय एक्क्याऐंशी. तिचे दोन मुलगे. थोरल्यांनी एकतीस वर्षे लांब पल्ल्याची बस चालवली आणि डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्यामुळे दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच ते निवृत्त झाले. धाकटे एका विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासतात. दोघांच्या पत्नी, थोरल्यांचा मुलगा आणि सून, धाकट्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे. चुली दोन, पण आईची खुर्ची दुपारी या घरात आणि संध्याकाळी त्या घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला या आठ जणांनी धाकट्यांच्या नव्या मोटारीने निघायचे ठरले होते. जायचे होते चारशे ऐंशी किलोमीटरवर, दोघा भावांच्या एकुलत्या बहिणीकडे.

या बहिणीचे थोरल्यांवर एक जुने मागणे होते. अकरा वर्षे थोरल्यांची बस तिच्या गावावरून जात असे. थांबा वीस मिनिटांचा. बहिणीचे घर स्टँडपासून बाराशे पावलांवर. ती पावले तिनेच मोजली होती. ती डबा घेऊन येई आणि चालकाच्या दाराखाली उभी राही. थोरले वरून हात खाली करत, ती वर करी, आणि डबा मधल्या हवेत हातबदल होई.

"दादा, घरी कधी येणार?"

"पुढच्या फेरीला."

वीस मिनिटांत बाराशे पावले जाऊन येणे अवघड होते, हे खरे. पण थोरल्यांना सुट्ट्या मिळत, आणि घरच्यांसाठी प्रवासाचा पासही मिळे. तो त्यांनी कधी वापरला नाही. ज्या रस्त्यावर आपण बस चालवतो त्याच रस्त्यावर दुसऱ्याने चालवलेल्या बसमध्ये, खिडकीला डोके टेकून बसायचे, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. आता बहिणीचे दोन्ही गुडघे गेले होते. दोन वर्षे ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. डबा घेऊन स्टँडवर येणारे पाऊल थांबले, तेव्हा भेट व्हायची तर यांनीच जायला हवे, एवढे सरळ गणित उरले होते.

डेपोत थोरल्यांचे नाव 'घड्याळ' पडले होते. त्यांची बस वळणावर दिसली की चहावाला आधण ठेवी. अशा माणसाच्या दारात ऑक्टोबरमध्ये धाकट्याची मोटार येऊन उभी राहिली. सगळे आत बसून आले. थोरल्यांनी बाहेरूनच टायरवर अंगठा दाबला आणि ते म्हणाले, "हवा जास्त भरलीय."

पुढच्या चार महिन्यांत ते त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. बाजारात जायचे असले तर पायी जात. "पायाला व्यायाम," असे सांगत.

परक्याच्या भरभराटीने माणूस असा आतून जळत नाही. मत्सराला नाते लागते. एका ताटात जेवलेला, एका पांघरुणात झोपलेला माणूस लागतो. त्यातही एखादी वस्तू दुसऱ्याला मिळाली याचे दुःख फारसे टिकत नाही. आपण आयुष्यभर ज्या कामाने ओळखले गेलो ते काम दुसरा कुणी विरंगुळा म्हणून करू लागला, आणि त्याचे कौतुक झाले, की मात्र जखम खोल जाते. धाकटे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकवणीवर्गात मोटार चालवायला शिकले होते. मागे घेताना त्यांचे ओठ हलत. दर रविवारी ते पिवळ्या मऊ फडक्याने काचा पुसत आणि थोरले गॅलरीतून ते फडके पाहत.

"क्लचच नाही म्हणे," थोरले एकदा आईला म्हणाले. "क्लच नाही ती गाडी कसली? पाळणा झाला तो."

"पाळण्यासारखीच आहे रे," आई समाधानाने म्हणाली. "बसले की झोप लागते. किती हळुवार चालवतो तो!"

आई थोरल्यांच्या बसमध्ये जन्मात एकदाच बसली होती आणि घाटात तिला दोनदा उलटी झाली होती. ही गोष्ट ती केव्हाच विसरली होती. थोरले विसरले नव्हते.

प्रवासाची आखणी मात्र त्यांच्याकडेच आली. धाकट्यांनी ती मनापासून सोपवली होती. जानेवारीतल्या एका रविवारी थोरल्यांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. थोरल्यांनी जुन्या लॉगशीटची कोरी पाठ पसरली, पट्टीने रकाने आखले. पुतणी शेजारी फोन घेऊन बसली.

"पहिला थांबा जकात नाक्यापुढे, वडाखाली. साडेआठ," थोरले म्हणाले.

"काका, तिथे आता उड्डाणपूल आहे. वड नाही दिसत."

"फोनला वड कुठला दिसायला?"

"फोटो आहे ना. हा बघा."

थोरल्यांनी फोटो पाहिला नाही. पट्टी दोन बोटे सरकवली. "मग पुलाच्या पलीकडे. साडेआठच."

"आणि वळणं फोन सांगेल. बाई बोलते त्यात."

त्यांची पत्नी दाराशी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "एकतीस वर्षांत यांना वळणं सांगायची कुणाची टाप नव्हती. आता बाई सांगणार म्हणून कपाळाला आठ्या."

सगळे हसले. धाकटे सर्वांत मोठ्याने हसले, आणि ते हसू थोरल्यांनी मनात वेगळे बांधून ठेवले.

वेळापत्रक मात्र असे उतरले की कुणाला त्यात बोट ठेवायला जागा राहिली नाही. दर दोन तासांनी थांबा, आईसाठी पायऱ्या नसलेले स्वच्छतागृह कुठे, ऊन कोणत्या बाजूने येईल, घाट जेवणाआधी. पोहोचायचे संध्याकाळी पाच चाळीसला, दिवस मावळण्याच्या आत. आईला अंधाराचा त्रास नको म्हणून हे केले, असा सर्वांचा समज झाला. डॉक्टरांनी थोरल्यांना अंधार पडल्यावर गाडी चालवायला मनाई केली होती आणि दिवसा चालवायला केली नव्हती, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आले नाही.

गाडी कोण चालवणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दोघा भावांना उत्तर माहीत होते. दोघांची उत्तरे वेगळी होती.

वेळापत्रक फ्रीजवर लागले. बसण्याच्या जागांचा कागद थोरल्यांनी स्वतःजवळ ठेवला. डेपोतली रीतच तशी होती: उद्याची ड्यूटी आज संध्याकाळी पाचला फळ्यावर लागे, त्याआधी नाही. आधी लावली की अदलाबदलीची भुणभुण सुरू होते. त्यानुसार सात फेब्रुवारीला पाच वाजता त्यांनी कागद पुतणीच्या हातात दिला. "वाच. आणि आजच बसून बघा. सकाळी घोळ नको."

सगळे खाली उतरले. आईसाठी खुर्ची उतरवली गेली. धाकट्यांनी गाडीची चारी दारे उघडली. पुतणीने स्टँडवरच्या उद्घोषकासारखा घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! पुढे, चालकाशेजारी: आजी."

आईला पुढे बसवले. ती लगेच डोळे मिटू लागली.

"मधली रांग. डावी खिडकी माझी आई, मध्ये बाबा, उजवी खिडकी मोठी काकू." पुतणी थांबली. "बाबा मध्ये? मग गाडी कोण चालवणार, आजी?"

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत पुतणीची नजर कागदाच्या तळापर्यंत जाऊन आली होती. पुढच्या डाव्या–उजव्या चौकोनांपैकी एकात आजी होती, दुसऱ्यात काहीच नव्हते. तिथे फक्त एक वर्तुळ काढून त्यात फुली मारलेली होती. बसच्या नकाशात चालकाची जागा दाखवतात तशी.

"काका," ती हळू म्हणाली, "तुमचं नाव नाहीच यात."

बसमध्ये चालकाला मोजत नाहीत. कंडक्टर डोकी मोजतो ती चालकाच्या पाठीमागच्या पहिल्या बाकापासून. एकतीस वर्षे प्रत्येक नाक्यावर "किती?" या प्रश्नाला जे उत्तर दिले गेले त्यात थोरले कधीच नव्हते, आणि त्यांच्यावाचून ती संख्या जागची हललीही नसती. त्यांच्या लेखी सात आसनांची गाडी म्हणजे सात प्रवासी आणि वर चालक. त्याच हिशेबाने त्यांनी मधल्या रांगेत तिघे आणि मागे तिघे बसवले होते. मोटारीच्या मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट होती. गाडीत एकदा जरी ते बसले असते तरी हे कळले असते.

थोरल्यांच्या मुलाने दोनदा मोजले. "सातच बसतात, बाबा. चालक धरून."

कागदाने दोन गोष्टी एकदम उघड्या केल्या होत्या. आठवा माणूस मावत नव्हता. आणि चार महिने गाडीला पाठ फिरवून राहिलेला माणूस मनाने केव्हाचा तिच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला होता. पहिली अडचण सर्वांनी बोलून दाखवली. दुसरी सर्वांनी पाहिली आणि नजरा दुसरीकडे वळवल्या. तेच थोरल्यांना असह्य झाले.

धाकटे पुढे आले. त्यांनी किल्ली पुढे केली. "दादा, तूच चालव. मी बसने येतो मागून. खरंच. रस्ता तुझ्या हाताखालचा आहे."

हात पुढे करण्यापुरतेच अंतर होते. थोरल्यांना हवी होती ती हीच किल्ली. पण ती मागितल्याशिवाय, कुणी न देता, आपलीच असल्यासारखी हवी होती. धाकट्याच्या तळहातावर ती पाहिली आणि त्यांना ते दान वाटले. त्याचा मोठेपणा त्यांना त्याच्या गाडीहून अधिक डोळ्यांत खुपला.

"तुझी गाडी, तू चालव," ते म्हणाले. "सातांची आहे, सातांनी जा. मी राहतो. घराकडे कुणीतरी हवंच."

"घराला काय पाय फुटणार आहेत?" पत्नी म्हणाली.

मुलगा म्हणाला, "बाबा, मग आपण दोघं बसने जाऊ. सकाळची सातची आहे. तुमचीच जुनी."

"माझ्या बसमध्ये मी प्रवासी म्हणून चढू? लोक हसतील."

"कोण लोक? डेपोतले सगळे निवृत्त झाले."



तेवढ्यात पुढच्या आसनावरून आई बोलली. तिने अर्धेच ऐकले होते. "माझा थोरला पहिल्यापासून असाच. दुसऱ्याला पुढे करतो, आपण मागे राहतो." धाकट्यांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. सून म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं मन सगळ्यांचं नसतं."

माणसाच्या नैतिक आयुष्यात अशी एक जागा येते, जिथे खोटे बोलावे लागत नाही. लोकांनी केलेली स्तुती फक्त खोडायची नसते. थोरल्यांनी ती खोडली नाही. जळफळाटाला त्यागाचे धुतलेले कपडे मिळाले होते, आणि ते अंगाला नेमके बसले. पत्नी तेवढी जिन्यात मागे थांबली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ती बिचारी वाट बघतेय. तिचं काय चुकलं?"

"गुडघ्याचं तेल पिशवीत घाल तिच्यासाठी," थोरले म्हणाले.

रविवारी गाडी सहा बेचाळीसला हलली. बारा मिनिटे उशीर. थोरल्यांनी तो गॅलरीत उभे राहून कागदावर टिपला, आणि टिपताना त्यांना बरे वाटले, हेही नोंदवायला हवे. दिवसभर फोन येत राहिले. पुलापलीकडे चहा मिळाला. पायऱ्या नसलेली जागा सापडली. घाट जेवणाआधी झाला आणि आईला काही त्रास झाला नाही. "दादा, तू लिहिलंस तस्सं आहे सगळं," धाकटे प्रत्येक थांब्यावरून सांगत. प्रत्येक वेळी थोरले विचारत, "किती वाजता पोचलात?" उशीर बाराचा आठ झाला, आठाचा तीन. धाकट्याने तो रस्त्यात भरून काढला होता. चालकाला हे जमले की डेपोत पाठीवर थाप मिळते. थोरल्यांनी फोन खाली ठेवला आणि पुढचे टिपणे बंद केले.

सहाच्या सुमारास बहिणीच्या फोनवरून फोन आला; गाडी पाच चाळीसला, ठरल्या मिनिटाला, पोचली होती. मागे आईचा आवाज, भांड्यांचा आवाज, पुतणीचे हसणे.

"दादा, गाडी थांबली तर मी दारात उभी होते. काठी धरून. एकेक उतरत होता आणि मी मोजत होते."

"हं."

"सात झाले. म्हटलं चालक मागून उतरेल, दार लावून. तुझी सवय."

थोरल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "धाकट्याने सांगितलं, तू घर राखायला राहिलास. घर राखायला, होय ना?"

तिला खरे सांगता आले असते. ती लहानपणापासून दोघांना ओळखत होती. कदाचित तिला सांगावेही लागले नसते, नुसते "नाही" एवढे पुरले असते.

"होय," थोरले म्हणाले. "पुढच्या फेरीला येतो."

"तुझी फेरी केव्हाच बंद झाली, दादा," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बरं, ठेवते. आईला गरम पाणी द्यायचंय."

बुधवारी सातही जण सुखरूप परतले. दुहेरी पिशवीतून बहिणीने जुना, दोन कड्यांचा डबा पाठवला होता, घासून लख्ख केलेला. थोरल्यांनी तो ओळखला. मोटार आता पूर्वीच्याच जागी उभी असते आणि थोरले बाजारात पायीच जातात.

अकरा वर्षे बहीण घरापासून स्टँडपर्यंत येत राहिली. स्टँडपासून घरापर्यंतची बाराशे पावले थोरल्यांकडून अजून यायची आहेत.